बंद बोळातली घोडी

२ सप्टेंबर, मंगळवार

ठुमकी मागच्या पायांनी झोकांड्या खाते आहे. सकाळी घोडेवाल्याचा फोन आला तेव्हा वाटलं, नाल सैल झाली असेल. जाऊन पाहिलं तर ओठ थरथरताहेत, आणि मागचा पाय टाकताना अंधारात पायरी शोधावी तशी चाचपडते. रक्त घेऊन प्रयोगशाळेत पाठवलं. तबेल्यामागच्या तळ्याकाठी कावळे मरून पडलेत. कळायचं ते कळलं.

बरी होईल ना, विचारत होता. लहान पोरं तिच्यावरच बसायला शिकतात, दुसरा घोडा फार उंच आहे. म्हटलं, बहुतेक घोडे यातून उठतात. पण ती उभी राहायला हवी. आम्ही दोघांनी तिच्या पोटाखालून झोळी बांधली आणि वाशाला अडकवली. ठुमकीने माझी बाही चावली. म्हणजे अजून रग आहे!

५ सप्टेंबर

तोच निघाला. पक्ष्यांकडून येणारा मेंदूज्वर.

घोडेवाल्याला समजावून सांगितलं. कावळ्याच्या रक्तात हा विषाणू बुजबुजतो. डास ते रक्त पितो, मग दुसऱ्या पक्ष्याला चावतो — असा त्याचा संसार चालतो. मधेच एखादा डास घोड्याला चावतो, एखादा माणसाला. पण आपल्या किंवा घोड्याच्या रक्तात तो इतका थोडा असतो की पुढच्या डासाला काही मिळत नाही. त्याच्यासाठी आपण दोघंही बंद बोळ. आत शिरतो, बाहेर पडत नाही.

“म्हणजे ठुमकीपासून पोरांना काही नाही?”

“काही नाही,” मी म्हणाले. किती ठाम म्हणाले!

८ सप्टेंबर

ठुमकी भिजवलेला चारा खाते. झोळी थोडी सैल केली.

९ सप्टेंबर

आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर हॉस्पिटलमध्ये. ताप, मान ताठ, बायकोलाही ओळखत नाहीत. तोच आजार.

दुपारपर्यंत सगळी इमारत तबेल्याकडे बोट दाखवायला लागली. मेलेले कावळे कुणाला दिसले नाहीत, आजारी घोडी मात्र गच्चीतून दिसते. थोरले दीर सोसायटीचे अध्यक्ष. वर आले आणि म्हणाले, गुरुवारी सभा घेतो, तू डॉक्टर आहेस, तूच बोल.

१० सप्टेंबर

उद्या सभा. अवघड काय आहे त्यात? खरं ते सांगायचं.

नवरा एवढंच म्हणाला की दादाशी वाद घालू नकोस, राहतो ते घर त्याचं आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

लिहायचं नव्हतं. लिहिते.

सुरुवात चांगली केली. कावळे, डास, बंद बोळ, सगळं सांगितलं. कुणीतरी विचारलं की विषाणू बदलतो म्हणतात, त्याचं काय? त्याचंही उत्तर होतं माझ्याकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण हा मेला डासाच्या घरीही जेवतो आणि पक्ष्याच्या घरीही — कारण दोन्हींकडची चव सांभाळतो. म्हणून त्याला वाटेल तसं बदलता येत नाही. एका घरी सोयीचा बदल दुसऱ्या घरी अंगाशी येतो. लोक हसले. ऐकत होते.

मग भाऊजी उठले. “हे सगळं ठीक. पण उद्या तो बदलला आणि घोड्यातून माणसात आला, तर जबाबदारी तू घेतेस?”

मास्तरांच्या पत्नी माझ्याकडे बघत होत्या. भाऊजीही. नवरा जमिनीकडे.

मी म्हणाले, “विषाणू बदलतात. खात्री कुणीच देऊ शकत नाही.”

खोटं एक अक्षर नाही. आणि तरी याहून मोठं खोटं मी कधी बोलले नाही. उद्या छत कोसळणार नाही याची तरी खात्री कोण देतं?

घोडे रविवारपर्यंत हलवायचे, असं ठरलं. भाऊजी जाताना म्हणाले, “आमची डॉक्टर शहाणी आहे.” अंगावर पाल पडावी तसं झालं.

१२ सप्टेंबर

घोडेवाला दवाखान्यात आला होता. म्हणाला, तुम्ही आमच्या बाजूने बोललात, उपकार झाले, लोकांनी ऐकलं नाही त्याला तुम्ही काय करणार.

मी त्याला चहा विचारला. एवढंच केलं.

१३ सप्टेंबर

ठुमकीला अजून आठवडाभर तरी हलवू नका, असं घोडेवाल्याला सांगितलं. भाऊजींना फोन केला. ठरलं ते ठरलं, म्हणाले. बरं, म्हणून मी फोन ठेवला.

१४ सप्टेंबर

ट्रक आला होता. मी खाली गेले नाही. धुतलेले कपडे पुन्हा धुतले.

१५ सप्टेंबर

ठुमकी वाटेत ट्रकमध्ये पडली. उठली नाही.

२३ सप्टेंबर

इमारतीत आणखी दोघांना ताप — लिफ्टवाला आणि तळमजल्यावरची शिवणकाम करणारी. मास्तर शुद्धीवर आलेत, डावा हात उचलला जात नाही.

प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. आम्ही तिला डासवाली म्हणतो. ठुमकीतला आणि मास्तरांमधला विषाणू तिने ताडून पाहिला. दोन्ही जुनेच, कामाचा असा बदल एकही नाही. तिला वाटलं, मला बरं वाटेल. मग सहज विचारलंन की तबेला अजून आहे ना? नाही, म्हटलं. संध्याकाळी निघणारे डास घोड्यांवर बसायचे, म्हणाली. घोडे गेले, तर जवळचं गरम रक्त कुणाचं? सिद्ध करता येणार नाही, पण असं होतं.

२५ सप्टेंबर

मीच सभा बोलवायला लावली. या वेळी सरळ बोलले. घोड्यांपासून धोका नव्हता, मला ते माहीत होतं, मी घाबरले. तळ्याकाठचं गवत काढा, खिडक्यांना जाळ्या लावा, संध्याकाळी अंगभर कपडे घाला.

भाऊजी मधेच उठून गेले. मास्तरांच्या पत्नींनी शांतपणे विचारलं, “हे तेव्हा का नाही सांगितलंत?”

नवऱ्याने या वेळी मान वर केली होती.

२८ सप्टेंबर, रविवार

घोडेवाल्याच्या नव्या जागी गेले. तो उंच घोड्याला खरारा करत होता. मी सुरुवात केली की त्या सभेत मी —

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “मी जिन्यात उभा होतो. आत बोलावलं नव्हतं ना.”

मग दुसऱ्या दिवशी उपकार कसले मानलेत?

“या भागात जनावरांच्या डॉक्टर तुम्ही एकट्या. लाजून यायच्या बंद झालात, तर याला कोण बघणार?”

आणि त्याने घोड्याचा पुढचा पाय उचलून माझ्यापुढे धरला.