गाळणीचं फडकं

२ एप्रिल १९८८
कासू स्टेशनावर बायजा स्वतः न्यायला आली. धाकटी बहीण माझी, पण जवळ घेतलं ते आईने घ्यावं तसं. आईबाप गेलेल्या नातीला, सरूला, घेऊन मी आता इथेच राहणार. गाव खारेपाटातलं, चहूकडे मिठागरं, गोडं पाणी एका पायऱ्यांच्या विहिरीत तेवढं. घर लहान, पण सारवलेलं. मी दुसरी यत्ता शिकलेली. सरूच्या वहीची कोरी पानं वाया कशाला घालवू, म्हणून लिहिते.

५ एप्रिल
नर्सबाई येऊन गेल्या. आवाज ढोलासारखा, बोलणं मुद्द्याचं. विहिरीत जेमतेम दिसतील असे किडे असतात, त्यांच्या पोटात नारूच्या जंताची पिल्लं. पाणी गाळूनच प्यायचं. ज्याच्या अंगातून नारू बाहेर पडतोय त्याने विहिरीत उतरायचं नाही, पाणी लागलं की नारू पिल्लं सोडतो. घरोघरी गाळायला पांढरं दाट फडकं दिलंय. गाव मान हलवत होतं, कीर्तनात हलवतं तशी. मी सरूला बजावलं, गाळल्याशिवाय थेंब तोंडात नाही. बायजा म्हणाली, आक्का, पाण्याचं माझ्यावर सोड गो, पायऱ्या उतरायचं तुझं वय नाय. मागच्या पडवीत तीच भरते, तीच गाळते.

२० एप्रिल
फडकं रोज धुऊन दोरीवर. शेजारच्या काशीबाईने तिच्या फडक्याचं नातवाला लंगोट केलंय. चांगलं सुनावलं तिला, म्हटलं आमच्या बायजाकडून शीक. आमच्या फडक्यावर पिवळा डाग पडलाय. बायजा म्हणाली, विहिरीचा गाळ. जरा लंगडतेही. म्हणाली, वात.

९ मे
भर दुपारी बायजाला जेवायला बोलवायला विहिरीवर गेले. शेवटच्या पायरीवर बसलेली, पाय पाण्यात, डोळे मिटलेले. तान्ह्याला पाजणाऱ्या बाईचं असतं तसं तोंड. बाजूला फडकं सोडून ठेवलेलं. तेच. घोट्यापासून एक पांढरा दोरा पाण्यात लोंबत होता. मला वाटलं फडक्याचा सुटला असेल. मग तो आपणहून वळला.
बायजाने वर पाहिलं. लाजली नाही. म्हणाली, गार वाटतं गो.

१० मे
बायजा सगळं ओकली. पायातला नारू आम्ही यायच्या आधीपासूनचा. दुसरं चिरगूट बांधलं असतं तर लोकांनी विचारलं असतं. हे दोरीवर वाळतं, कोण विचारतो? पाणी एकदाही गाळलं नाही. एकदाही. वर मलाच विचारते, नारू हाय म्हणून कळवलं असतं तर तू आली असतीस काय? एकटी मेले असते इथं.
महिनाभर सरू ते पाणी प्यायली. तांब्या मी भरून द्यायची. बायजाला ज्या शिव्या दिल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत. एका आईचं दूध प्यालेली बाई.

११ मे
नर्सबाई म्हणाल्या, पोटात गेला असेल तर वर्षाने कळेल. औषध नाही. वाट बघायची.
जाणार कुठे? आता पाणी मी भरते, मी गाळते. बायजाशी बोलत नाही.

१३ एप्रिल १९८९
वर्ष होत आलं. रोज सरूच्या पायांवरून हात फिरवते. गुदगुल्या होतात म्हणून हसते पोरगी.

२६ एप्रिल
घोट्यावर फोड. तिच्या. रडते, जळतं म्हणते. विहिरीवर न्या म्हणते. नर्सबाईंना निरोप धाडलाय. तोवर दाराला कडी.

२८ एप्रिल
माझ्याही. टाचेच्या वर. निखारा ठेवल्यासारखा — आत काहीतरी कूस बदलतं.
बायजाचा पाय केव्हाच बरा झालाय. समोर बसून असते. म्हणते, पाण्यात घातलास ना आक्का, की —
म्हटलं, थोबाड आवर.

२९ एप्रिल
कडी काढलेली. सरू नाही. बायजाही —
विहिरीकडून हसणं ऐकू येतंय. सरूचं. किती दिवसांनी.
अख्खं गाव पितं त्यातलं —
ओढून आणते कार्टीला. पायऱ्या उतराव्या लागतील, सगळ्या. नुसती हात धरून आणते. पाय पाण्याला लावणार ना —