अधारतालात पकडलेला हेर

अधारताल, जबलपूर
सप्टेंबर १९६५

तीर्थरूप अच्युतदादांच्या पायांवर धाकट्या चिंतामणीचं डोकं. तुमच्या गुडघ्यांना उतार पडला असेल आणि वहिनींचा खोकला गेला असेल असं धरून चालतो. तसं नसेल तर लगेच कळवावं. इकडे आम्ही सुखरूप आहोत. लढाई लागल्यापासून आमचा दारूगोळ्याचा कारखाना दिवसरात्र चालून राहिला आहे आणि मोहल्ल्याने मला वॉर्डन केलं आहे. दंडावर पट्टी, गळ्यात शिट्टी. (ही म्हणते, शिट्टी निदान जेवताना तरी काढा.) तर दादा, तुमच्या भावाने हेर पकडला. तुमचीही मान उंच व्हावी म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

रविवारी सकाळी मोठ्या रस्त्यावर शालिग्राम पानवाल्याकडे मी पान लावून घेत होतो. शेजारी एक अनोळखी गृहस्थ येऊन उभे राहिले. धोतर, काळी टोपी, हातात कापडी पिशवी. ते शालिग्रामला विचारू लागले की कारखान्यातले चिंतामणराव कोणत्या खात्यात आहेत, पाळी कोणती, घरी कोण येतं-जातं, आणि पितात का. आता कारखान्यातल्या माणसाचं खातं आणि पाळी कोणाला हवी असते? शत्रूला. आणि पितात का हे काहून विचारलं? पिणाऱ्याच्या तोंडून गुपितं सुटतात म्हणून. एकेक मुद्दा चपखल बसला. (हेरांबद्दल वर्तमानपत्रात आलेलं सगळं मी वाचतो, तेव्हा हा काही हवेतला तर्क नव्हता.) शालिग्रामही तयारीचा माणूस. मी पुढ्यात उभा असताना त्याने सांगितलं, "हम तो किसी को नहीं जानते, भैया." मग मी शिट्टी फुंकली.

चौकीत गृहस्थांनी नाव सांगितलं, विष्णुपंत मुळावकर, राहणार तुमच्याच नागपूरचे. पण आले कशाला हे काही केल्या सांगेनात. खासगी काम आहे म्हणाले आणि मान खाली घातली. माझी खात्रीच पटली. हवालदारासाठी मी घरून चहा मागवला, तो घेऊन आपली शरयू आली. हवालदार नाव लिहून घेत होता ते तिने ऐकलं आणि किटली खाली ठेवली.

"बाबा, हे हेर नाहीत. माझ्या लग्नासाठी आपल्या घराची चौकशी करायला आलेत."

मुळावकरांचं स्थळ आल्याचं हिने मला गेल्या आठवड्यात जेवताना सांगितलं होतं म्हणे. तेव्हा रेडिओवर बातम्या चालू होत्या.

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. मी हात जोडून म्हटलं, आमचा बंदोबस्त तुम्ही पाहिलाच. पण खरी मजा पुढेच आहे. शरयूने त्यांना चहा दिला, समोरच्या स्टुलावर बसली (शाळेत गणित शिकवते ना, तसंच ताठ) आणि विचारलं, "तुम्ही आमची चौकशी केलीत. आता मी करू का?" मग मुलाचा स्वभाव, मुलाची नोकरी, लग्नानंतर तिच्या नोकरीचं काय, सगळं विचारून घेतलं. विष्णुपंतांनी सगळं सांगितलं. शिवाय मुलगा, रत्नाकर, इंटरच्या परीक्षेला दोनदा बसला आणि रागावला की दिवसभर बोलत नाही, हे कोणी न विचारता सांगितलं. हवालदाराने लिहिणं थांबवलं. संध्याकाळच्या गाडीवर पोचवायला गेलो तेव्हा विष्णुपंत म्हणाले, आमच्याकडून पसंत.

घरी येऊन मी शरयूला म्हटलं, काय ते ठरव. ती म्हणाली, "ज्यांनी नापास झाल्याचं आपणहून सांगितलं, त्यांचं बाकीचंही खरं धरते. पण फक्त धरते. पडताळून पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही." दादा, असं पक्कं डोकं आपल्या घरात आहे. ती कोणावर गेली हे मी लिहायला नको.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. हिचाही नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
चिंतामणी

ता. क. लग्नानंतर नोकरी चालू ठेवता येईल असं विष्णुपंत म्हणाले. पण त्यांच्या थोरल्या सुनेने लग्नानंतर शाळेतली नोकरी सोडली, हेही त्यांनीच सांगितलं. तिने स्वतः सोडली की तिला सोडावी लागली, एवढं वहिनींनी त्या सुनेला एकटीला गाठून विचारावं. शरयूचं सगळं त्यावर अडलं आहे.

ता. क. २. मी स्वतःच नागपूरला येणार होतो, रजाही मागितली होती. शरयू म्हणाली, काकूंनाच जाऊ द्या. बाबांचं आधी ठरतं आणि चौकशी मागून होते.