दारावरचं लाल कडं

९ ऑक्टोबर, बुधवार

मक्याची ताटं अखेर उभी राहिली! ओसरीच्या दोन्ही खांबांना एकेक पेंढी, सुतळीने आवळून. पायऱ्यांवर भोपळे — नारिंगी नाहीत, ते गावभर असतात — राखाडी-निळे आणि मळकट पांढरे. आत शेल्फवर मेणात बुडवलेली मेपलची पानं, टेबलावर वाळलेली फुलं आणि ओकची फांदी. घरात प्लास्टिकचं एक पान नाही. ह्याचा मला गर्व आहे, असू दे.

शनिवारी चर्चतर्फे गावातली सहा घरं बघायला माणसं येणार. पहिलं घर आमचं. माझा नवरा रॉइस म्हणाला, "एवढं सजवलंस, आता आपण राहायचं कुठे?" मग मदत करतो म्हणून धान्याच्या कोठाराकडे गेला तो तासाभराने हात हलवत परत.

सासूबाई मागच्या खोलीतून ओरडल्या, "कोरीन, खिडकीत सफरचंदं मांडू नकोस, गांधीलमाश्या येतील." मला इथे अडतीस वर्षं झाली. मी पुढून सजवते, त्या मागून सजवतात. दारावरचं कडं मात्र त्यांचंच. रानद्राक्षाच्या वेलीचं वेटोळं, त्यात खोवलेली लाल पानं आणि नारिंगी फळं. त्याला मी बोट लावायचं नाही, हा नियम लग्नाच्या वर्षापासूनचा.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

चर्चमध्ये ॲपल-पाय पोचवून आले तर कडं दारावर. असं लाल मी आजवर पाहिलं नव्हतं. उन्हात नुसतं पेटलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, गुडघे गेलेले, आणि हे! मत्सर वाटला. इथे खोटं कशाला लिहू?

मागे जाऊन सांगितलं, "आई, इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं." त्या विणत होत्या. "लागलं का दारावर? बरं झालं," एवढंच म्हणाल्या. मान वर केली नाही. तोरा तोच.

१२ ऑक्टोबर, शनिवार

एकशे दहा माणसं! साठ डोनट संपले. प्रत्येकाने कड्यापाशी उभं राहून फोटो काढला. पाय ठणकतायत, पण सुखाने.

१४ ऑक्टोबर, सोमवार

युनिसचा फोन. आमच्या पाद्रीबाई. "कोरीन, माझ्या हनुवटीवर फोड आलेत. आपल्या गायनमंडळातल्या सातजणींना आलेत. कुणाच्या मनगटावर, कुणाच्या कानामागे. आम्ही सगळ्या कुठे एकत्र गेलो होतो, सांग बरं?"

मी हसले. म्हटलं, "माझ्या डोनटना दोष देऊ नकोस हं."

फोन ठेवला आणि स्वतःचं मनगट पाहिलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार



सकाळी चष्मा लावून दारापाशी गेले. तीन पानं. परत तीन पानं. मधल्या पानाचा देठ लांब. कड्यातलं प्रत्येक लाल पान अंगावर फोड उठवणाऱ्या विषवेलीचं! चार दिवस ते माझ्या दारावर होतं आणि सगळ्या गावाने त्यात नाक खुपसलं. मीही पाहिलं नाही. सजवायच्या नादात मी फक्त रंग पाहिला.

दोन हातमोज्यांवर दोन चढवून ते काढलं, जाड पिशवीत बांधलं, कोठारामागच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. जाळायचं नाही, धूर छातीत जातो — हे कुणी शिकवलं? सासूबाईंनी. ह्या गावातल्या दोन पिढ्यांना "तीन पानं दिसली की लांब राहा" हे शाळेच्या वाटेवर पढवणाऱ्या सासूबाईंनी!

मागे गेले. रॉइस तिथेच चहा पीत होता. विचारलं, "आई, ते कडं तुम्ही कशाचं केलंत?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग रॉइसकडे. मग म्हणाल्या, "वेलीचं. दरवर्षी करते तसं."

"ती विषवेल होती, आई."

त्यांनी मांडीवरचं विणकाम बाजूला ठेवलं. मग, "असेल. माझी चूक झाली." अडतीस वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

त्यांचे हात मात्र स्वच्छ. मी तसं बोलून दाखवलं. म्हणाल्या, "जुनी कातडी आहे, तिला उशिरा कळतं."

१७ ऑक्टोबर, गुरुवार

उशिरा कळलं. आज दोन्ही तळव्यांपासून कोपरांपर्यंत फोड, पाणी सुटलेलं. मलम लावताना मला बघवेना. त्या हूं की चूं करत नाहीत.

जोएलला फोन केला. माझी लेक बर्लिंग्टनला नर्स आहे, ती असल्या गोष्टींत भिजत घोंगडं ठेवत नाही. "मम्मा, आजीला ती वेल ओळखू आली नाही? आजीला? उद्या शेगडी चालू ठेवेल. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. आत्ता बोल, नाहीतर जाईल."

रॉइसला सांगितलं. तो म्हणाला, "कसलं कडं?" मी चिडले. आईचा विषय निघाला की हा असाच वेड पांघरतो.

१९ ऑक्टोबर, शनिवार

मी दोन दिवस वाक्यं जुळवत होते. भांडण होणार, रडारड होणार. ह्या खोलीतून मला आडवीच न्या, असं त्या कायम म्हणत आल्या आहेत.

मी तोंड उघडलं आणि त्या म्हणाल्या, "कधी जायचं?"

बस! आणि मग — इथे तरी खरं लिहिते — मला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या वर्षी दारावर काय लावायचं ते मी ठरवणार, हा विचारसुद्धा येऊन गेला. स्वतःची किळस आली. पण आला.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

रॉइस त्यांना सोडून आला. दोन पेट्या आणि विणकामाची पिशवी. जाताना त्यांनी त्याचा चेहरा पट्टी बांधलेल्या हातात धरला आणि मला म्हणाल्या, "ह्याच्याकडे लक्ष ठेव." आई कुठलीही असो, मुलगा चौसष्टचा झाला तरी हेच म्हणते.

२७ ऑक्टोबर, रविवार

काय लिहू. सगळं जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

दुपारी एकटीच भेटायला गेले. ॲपल-पाय आणि चीजचा तुकडा नेला होता. त्यांनी खाल्ला, कडा कच्च्या राहिल्यात म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, सगळ्यांना सांगितलंय, वयामुळे झालं, कुणी काही मनात ठेवलेलं नाही."

"दार लावून घे," त्या म्हणाल्या.

मी लावलं.

"ते कडं मी केलं नाही. वेल वाढते त्या दगडी कुंपणापर्यंत माझ्याच्याने जाववत नाही. दोन वर्षं झाली, रॉइस वेल आणून देतो, मी खोलीत बसून करते. ह्या वर्षी वेल वाकवायला बोटांत जोरही उरला नाही. त्याला म्हटलं, तूच कर आणि लाव, तिला सांगू नकोस. मला तुझ्यापुढे कमी पडायचं नव्हतं."

मला काही कळेना. म्हटलं, "पण तो इथेच वाढलाय. त्याला वेल कळते."

"कळायची."

मी खुर्ची पुढे ओढली.

"मार्चमध्ये मेपलचा रस आटवताना त्याने कढई करपवली. तू निष्काळजी म्हणालीस. मी तिथे उभी होते, कोरीन. तो कढईकडे बघत होता आणि पुढे काय करायचं ते त्याला आठवत नव्हतं."

"तुमचे हात..."

"त्या दिवशी तू म्हणालीस, हात स्वच्छ कसे. म्हणून तू दुकानात गेलीस तेव्हा काठी टेकत कोठारामागे गेले. डब्यातून काढलं आणि चोळलं. दोन्ही हातांना, नीट. त्याला त्या वेलीचं कधीच काही होत नाही, लहानपणापासून. त्याच्या हातांवरून तू काही ओळखलं नसतंस. माझ्या स्वच्छ हातांवरून मात्र ओळखलं असतंस."

हे मला माहीत होतं. त्याला काही होत नाही, हे मला अडतीस वर्षं माहीत होतं.

मी ओरडलेच. "मला का नाही सांगितलंत? मी बायको आहे त्याची!"

"सांगितलं असतं तर तू त्या दिवसापासून त्याच्याकडे तसं बघायला लागली असतीस. गावानेही बघितलं असतं. मी चौऱ्याऐंशीची, माझं कुणाला नवल वाटत नाही. त्याला अजून एक हिवाळा माणसासारखा मिळू दे, म्हटलं." मग थोड्या वेळाने, "पण काल इथे झोप लागली नाही. त्याच्याजवळ आता कळणारं कुणीच नाही, हे लक्षात आलं. म्हणून सांगितलं."

गाडीत बसून खूप रडले. ती बाई जाणार म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला होता.

रॉइसला काही बोलले नाही. मनात म्हटलं, म्हातारीचा भ्रम असेल. देवा, तिचाच भ्रम असू दे. असं मागणं मागितलं मी.

२८ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी रॉइसने तीन बशा मांडल्या. अंडी तीन माणसांची. मला म्हणाला, "आई उठली नाही का अजून?"

मी म्हटलं, "चल, तिला आणायला जाऊ. गाडी मी चालवते."

त्याने खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली, आणि हात तसाच धरून उभा राहिला.