मोडनिंबच्या साडूंना, नटाच्या ठोकळ्याबाबत

सोलापूर, बुधवार

प्रिय इंद्रजीतराव साडूभाऊ,

सयाजीचा मनापासून रामराम. तुम्ही, अपेक्षा आणि तुमचं ते सीएनसी मशीन, तिघंही खुशाल असाल. इकडे उत्कर्षा बरी आहे, मी बरा आहे, सासूबाईंची दाढ ठणकते आहे. ती का, ते पुढे येईलच. (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मधेच हसता.)

तुम्ही घरच्या घरी लाकडावर आपोआप अक्षरं कोरणारं मशीन बनवलंत, तेव्हापासून आमच्याकडे दुसरा विषय नाही. उत्कर्षा भाजी निवडतानाही तुमचं नाव घेते. चिंचोळी एमआयडीसीत सतरा वर्षं मशीनं दुरुस्त करतो मी, आणि कौतुक खतांचं दुकान चालवणाऱ्या साडूचं. शेवटी सासूबाईंच्या नव्या घराची ‘वच्छला’ ही पाटी माझ्या मशीनवर मीच कोरणार, असं मी भर जेवणात बोलून बसलो. (घर पुरं होईपर्यंत त्या आमच्याकडेच आहेत.)

चौकट झाली, मोटरी बसल्या. अडलं ते एका ठोकळ्यावर. लांब स्क्रू फिरतो, त्यावरचा बॉलनट पुढंमागं सरकतो, आणि नटाला वरच्या, कोरणी धरून सरकणाऱ्या गाडीशी जोडतो तो हा ठोकळा. तुम्हाला हे ठाऊक आहे (तुम्हाला सगळंच ठाऊक असतं). पहिला मी बाभळीचा केला. बोल्ट आवळताच उभा चिरला. दुसरा ॲल्युमिनियमचा. तो चढवायला नट स्क्रूवरून काढला, तशा त्यातल्या बारीक पोलादी गोळ्या स्वयंपाकघरभर पळाल्या. वेचून परत भरल्या, एक सापडली नाही. ती दुसऱ्या दिवशी सासूबाईंना शेंगाचटणीत सापडली, दाढेखाली. गाल धरून शांतपणे म्हणाल्या, “इंद्रजीतच्या घरात असलं काय दातात येत न्हाय बघ.” दाढ त्यांची दुखली, कळ माझ्या काळजात गेली.

तरी कोरायला घेतलं. मशीन मधोमध लोण्यासारखं चालायचं. गाडी टोकाला आली की गुरगुरायचं. ‘वच्छ’ सुरेख उमटलं. पुढं गाडी अडली, मोटर मोजणी चुकली आणि ‘ला’ जाऊन ‘च्छ’च्या डोक्यावर बसला. सासूबाईंनी पाटी चष्म्याजवळ धरली आणि विचारलं, “हे कानडीत हाय का?”

म्हणून गेल्या रविवारी मोडनिंबला आलो, तो सहज आलो नव्हतो. तुम्ही गिऱ्हाइकासाठी उठलात, अपेक्षा चहा ठेवायला गेली, तेवढ्यात मी तुमच्या मशीनचं झाकण काढलं. आत विकतचा भारी भाग असता, तर सुखानं परत गेलो असतो. पण ठोकळा हातानं कानशीनं घासलेला. बोल्टांची भोकं मुद्दाम लांबट. गाडी टोकाला न्यायची, नटाला त्याची जागा घेऊ द्यायची, मग आवळायचं. आणि उंची जुळवायला खाली कोल्ड्रिंकच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी! (माझं भोक अर्धा मिलिमीटर वर होतं, सगळा गोंधळ तेवढ्याचा.) साडूभाऊ, तुमची दारातली नवी मोटार पाहून मला काही वाटलं नव्हतं. ती पट्टी पाहून मात्र जळलो. ती मला सुचायला हवी होती. चहा पिताना तुम्ही पाटीचं विचारलंत, मी पॉलिशला दिलीय म्हणालो. ते खोटं होतं.

अपेक्षाला आशीर्वाद, तुम्हाला पुन्हा रामराम.

आपला (वयानं तरी थोरला) साडू,
सयाजी

ता. क. वास्तुशांत सोमवारी आहे. रविवारी सकाळीच कानस आणि तसली एक पट्टी घेऊन या, ठोकळा तुम्हीच बसवा. कुणी विचारलं तर डाळिंबं द्यायला आलो म्हणा. पाटी मी कोरली, असं इथं ठरलेलं आहे.

ता. क. दुसरा. भोकं मोजायला काढलेले तुमच्या ठोकळ्याचे दोन बोल्ट घाईत माझ्या खिशात राहिले. तोवर मशीन चालवू नका. ते रविवारपासून खडखडतंय आणि तुम्हाला कारण सापडेना, असं अपेक्षानं परवा फोनवर उत्कर्षाला सांगितलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.