वापरलेल्या सुयांचं काय करायचं

१२ मे

प्रिय वन्संना सप्रेम न. वि. वि.

दूध तापत ठेवलं होतं, केर काढून झाला होता, कणीक भिजत होती, आणि तुमचे दादा सदरा वर करून खुर्चीत बसले होते. अशा कितीतरी सकाळींपैकी ती एक. विशेष काही घडलं नाही म्हणूनच बहुतेक लक्षात राहिली. मी सुई टोचायच्या आधीच त्यांनी विचारलं, झालं का. मी म्हटलं, अजून सुरुवात आहे. टोचल्यावर म्हणाले, आज हात हलका आहे, काल माझ्यावर राग होता का. वापरलेली सुई ते स्वतः खोकल्याच्या औषधाच्या जाड बाटलीत टाकायचे. बाटली भरली की ती रुमालात बांधून, कुणाला डबा पोचवायला निघाल्यासारखे, बसने दवाखान्यात द्यायला जायचे. पुढे तिचं काय होतं ते मी कधी विचारलं नाही. टोचणं माझ्याकडे, विल्हेवाट त्यांच्याकडे, अशी आमची वाटणी होती.

आज हे उगाच आठवलं नाही. इथे परदेशात, मुलाच्या घरी, माझ्या पलंगाखाली एक बाटली आहे, कपडे धुण्याच्या साबणाची, आणि ती भरत आली आहे. दादांसारखं मलाही इन्शुलिन सुरू झालं हे तुम्हाला आणि आपल्या डॉक्टरांनाच ठाऊक. मुलगा समजतो, आईला गोळ्या पुरतात. इन्शुलिनची नवी पेनं फ्रिजमध्ये ज्या डब्यात आहेत त्याच्यावर मी गुडघ्याचं मलम असं लिहिलंय. मलमाचा वास सुनेला सोसत नाही, त्यामुळे डबा सुखरूप आहे. सुई न्हाणीघरात घेते. इतका वेळ आत काय करता, असं सुनेने विचारलं. मी म्हटलं, वाचते. तिला पटलं. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षरं शिकलेली बाई कुठेही वाचेल.

फोनवर हे बोलता येत नाही. भिंती इतक्या पातळ की मी कूस बदलली तरी पलीकडून विचारतात, झोप येत नाही का. म्हणून पत्र. आता या सुयांचं काय करू ते सांगा.

लोभ आहे तेवढा राहू द्या. वाढवलात तरी माझी हरकत नाही.

तुमची वहिनी


२४ मे

ती. वहिनींना शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमचं घर ठीक आहे. कुंड्यांना पाणी घालते. एक रोप वाळलं, पण माझ्यामुळे नाही, स्वतःच्या मर्जीने.

सुयांचं ह्यांना विचारलं. ह्यांचं म्हणणं, कुंडीत पुराव्यात. मी म्हटलं, परक्या देशात वहिनींनी कुणाची कुंडी उकरायची? मग म्हणाले, बॅगेत घालून इकडे आणाव्यात. लोक परदेशातून अत्तरं आणतात, आमच्या वहिनी सुया आणणार! विमानतळावर बॅग उघडली तर शिवणकाम म्हणून सांगा. शेवटी म्हणाले, बाटलीला चिकटपट्टी गुंडाळून द्या कचऱ्यात सोडून, कोण बघतंय. चाळीस वर्षांत मला ह्यांचं पटलेलं हे बहुधा पहिलंच.

पटायला कारण आहे. परवा भाच्याचा मला फोन आला होता. म्हणाला, आत्या, घराला गिऱ्हाईक बघून ठेव, आईला इतक्यात बोलू नकोस. आईची तब्येत जराही इकडची तिकडे दिसली तर तिला परत पाठवणार नाही, एकटं राहायचे दिवस संपले तिचे. परतीची तारीख तो मुद्दामच पक्की करत नाहीये, वहिनी. वाईट नाही हो तो. दादा गेल्यापासून इकडचा फोन वाजला की तो आधी विचारतो, काय झालं. पण त्याला इन्शुलिनचं कळलं तर तुम्ही कायमच्या तिथल्याच. तेव्हा तोंडाला कुलूप घाला. बाटली कचऱ्यात आणि तुम्ही विमानात.

तुम्ही नाही आलात तर मी इथे भांडू कुणाशी? भांडण सुरू झालं की हे चप्पल घालून बाहेर जातात.

चुकलंमाकलं पोटात घाला, गोड मात्र घालू नका.

तुमची नणंद


१८ जून

प्रिय वन्संना सप्रेम न. वि. वि.

गिऱ्हाइकाचं वाचून मी भाजी चिरायला बसले. तिघांना दोन दिवस पुरेल एवढी चिरली.

मग तुम्ही सांगितलं तसंच केलं. बाटली कचऱ्याच्या पिशवीत घालून खाली ठेवली आणि खिडकीशी उभी राहिले. कचरा नेणारा आला. तो प्रत्येक पिशवी छातीशी धरून उचलतो, गाडीत टाकतो आणि गुडघ्याने दाबून बसवतो. साबणाच्या बाटलीचं प्लॅस्टिक ते किती पातळ! मी अनवाणी खाली धावले आणि पिशवीला हात घातला. थोडी ओढाओढ झाली. म्हातारीचं काही किमती चुकून गेलं, असं वाटलं असावं त्याला. पिशवी माझ्या हातात सोडून, पाठीवर थोपटून निघून गेला.

मग औषधांच्या दुकानात गेले. भाषा येत नाही, म्हणून पोटात खुपसल्याची खूण केली. मागचं गिऱ्हाईक दोन पावलं सरकलं. दुकानातल्या बाईंना मात्र लगेच कळलं. त्यांनी एक पिवळी, जाड, झाकणाची पेटी दिली, माझी अख्खी बाटली आत मावेल एवढी. पण ही पेटी दुकानात घेत नाहीत. बाईंनी खुणांनी आणि कॅलेंडरवर बोट ठेवून समजावलं, तिच्यासाठी गाडी घरी येते, मंगळवारी सकाळी, आणि घंटा वाजवते. मंगळवारी मुलगा घरूनच काम करतो. मी हरवले तर असू द्यावा म्हणून त्यानेच माझ्या पाकिटात घातलेला पत्ता बाईंनी उतरवून घेतला. मी नको म्हणू शकले असते. तो गुडघा डोळ्यांपुढून जाईना.

आज मंगळवार. घंटा वाजली, दार मुलाने उघडलं. गाडीवाल्याला तो हसत सांगू लागला की घर चुकलं. मी पेटी घेऊन पुढे आले आणि म्हटलं, घर बरोबर आहे, माझ्या सुया आहेत. गाडी गेल्यावर तो जिन्याच्या पायरीवरच बसला. सगळं सांगितलं त्याला. सुनेने विचारलं, दुखतं का. म्हटलं, गार हाताने घेतली तर.

मग तो म्हणाला, आता परतीचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, तुझ्या गिऱ्हाइकाचंही मला कळलंय, आत्यावर रागावू नकोस. एक मी लपवलं, एक तू. त्याने विचारलं, तुला काही झालं आणि घरात कुणी नसलं तर? मी त्याला सांगितलं, तुझे बाबा गेले तेव्हा मी घरातच होते, हाताच्या अंतरावर. पेज घेऊन उभी होते. त्याला हे माहीत नव्हतं. त्याने कधी विचारलं नव्हतं आणि मला कधी सांगवलं नव्हतं. तो तोंड धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाला, तारखेचं बघू. त्याचं बघू म्हणजे टाळणं, हे त्याच्या लहानपणापासून मला ठाऊक आहे.

तुम्ही दोघं जपा. माया पातळ करू नका, एवढंच मागणं.

तुमची वहिनी

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, म्हणून हे खाली लिहिते. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर टेबलाशी बसून सुई घेतली, न्याहारी केली, आणि तिकीट पिशवीत घालून विमान कंपनीच्या कचेरीत एकटी चालत जाऊन परतीची तारीख पक्की करून आले.