तपकिरी कोटातली वकीलबाई

३ ऑक्टोबर, मंगळवार

डेल्फीनने आज पुन्हा पिच्छा पुरवला. माझी मदतनीस, नवी वकील, हुशार. पण एकदा धरलं की सोडत नाही. निवृत्तीच्या समारंभाच्या पत्रिकेत छापायला माझी माहिती हवी. काय लिहायचं? मक्याच्या शेतावर जन्म, दोन वर्षं हॅडली परगण्यात सरकारी वकील, मग स्वतःची वकिली, मग एकोणीस वर्षं राज्याच्या अपील कोर्टात न्यायाधीश. संपलं! चार ओळींत बाई आटोपली.

५ ऑक्टोबर

शेवटचं अपील. ऑरिन टास्कर, एकतीस वर्षं तुरुंगात. हॅडलीत धान्याचं कोठार पेटवलं, आत रखवालदार मेला. सात वर्षांच्या एका मुलीने त्याला ओळखलं. पुरावा एवढाच. आम्ही तिघे न्यायाधीश. एक म्हणतो सोडा, दुसरा म्हणतो नको. राहिले मी. सोडावा असंच वाटतंय.

६ ऑक्टोबर

अपिलात साक्षीदार कधी दिसत नाहीत, नुसते कागद वाचायचे. पान २१४. मुलीला प्रश्न विचारणारी सरकारी वकील — व्हर्ना स्टोल्झ. म्हणजे मी!

मी त्या खटल्यात नव्हतेच. तो माझे तेव्हाचे वरिष्ठ, हार्लनसाहेब, यांचा खटला. त्या आठवड्यात आई दवाखान्यात होती, मी तिच्याजवळ होते. शपथेवर सांगते.

७ ऑक्टोबर

पुन्हा उघडून पाहिलं. पान तेच, नाव तेच.

१० ऑक्टोबर

ज्या खटल्यात वकील म्हणून उभं राहिलो, त्याच्या अपिलात बसायचं नाही, हा नियम. मी उठले तर माझ्या जागी डनलेव्ही येणार. त्याने जन्मात कुणाला सोडलेलं नाही. मी गप्प बसले तर माणूस घरी जाईल. पान २१४ कोण वाचतंय?

११ ऑक्टोबर

वृद्धाश्रमात आर्डिस व्होगेलला भेटले. त्या खटल्यात शब्दन् शब्द टिपून घेणारी हीच. अठ्ठ्याऐंशीची झाली, पण डोकं शाबूत. टिपणात चूक असेल का, विचारल्यावर फणकारलीच. मग हळू आवाजात म्हणाली,

"तूच होतीस, व्हर्ना. तपकिरी कोट घालून. पोरगी उत्तर द्यायच्या आधी तुझ्याकडे बघायची आणि तू मान हलवायचीस. हललेली मान मी कशी टिपणार गं?"

घरी येऊन कपाट उघडलं. तपकिरी कोट आहे. आईची आठवण म्हणून इतकी वर्षं जपलाय. अंगात घालून पाहिला. आई माझ्याहून वीतभर बुटकी होती. मला बरोब्बर बसला.

भीती वाटतेय. टास्करची नाही, माझीच.

१२ ऑक्टोबर

डेल्फीन विचारत होती, "मॅडम, हॅडलीतला एखादा गाजलेला खटला घालू का माहितीत?"

नको म्हटलं.

१४ ऑक्टोबर

आईच्या पेटीत माझी १९९२ची रोजनिशी सापडली. आजच्याच तारखेचं पान: "काल मुलीकडून तीनदा घोकून घेतलं. आज न चुकता बोलली. हार्लनसाहेब खूश. संध्याकाळी दवाखान्यात आईजवळ. येताना सफरचंदाचा केक आणला."

अक्षर माझंच आहे. ती वही आणि ही वही, दोन्ही टास्करच्या वकिलाकडे पाठवते आहे.