बसा, बोलावते

१२ जानेवारी, सोमवार

आले एकदाची! राजूरहून सकाळची एसटी, संगमनेरला गाडी बदलली, आणि ऐन जेवणाच्या वेळेला मी माझ्या पहिल्यावहिल्या नोकरीच्या दारात. आप्पा सोडायला आले होते. निघताना डोळे पुसत होते आणि वर मलाच म्हणत होते, रडू नको अश्विनी.

आम्ही भंडारदऱ्याकडची माणसं. डोंगर नाही असं गाव मी कधी पाहिलं नव्हतं. इथे जिकडे बघावं तिकडे ऊस, आणि हवेत कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. दवाखाना पुणतांब्याच्या रस्त्याला, खाजगी, दुमजली. मला मेडिकलच्या वरची खोली दिलीय. खिडकीखालून उसाचे ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून जातात.

माझी ड्युटी कॅज्युअल्टीत, दिवसपाळी. तिथले डॉक्टर म्हणजे रंगनाथ सर. हात फार हुशार, तोंड फटकळ. काउंटरवर श्रीमंत नावाचा माणूस आहे. साफसफाईच्या लंकाबाई मावशींनी आल्याबरोबर चहा पाजला आणि माझी मनगटं बघून जेवत जा म्हणाल्या.

बाहेर स्टीलच्या खुर्च्यांची रांग आहे. दाराजवळच्या खुर्चीत एक ऊसतोड बाई बसलेली. साडीवर पुरुषाचा फुल शर्ट, वाकलेली, उजव्या हाताने पोट धरलेलं. मी विचारलं, दाखवलं का? ती हळूच म्हणाली, ‘बसा म्हनलंय. बोलवत्यात.’

दाखवलं असेल, असं मला वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

मावशींनी तिळगूळ दिला. आईची आठवण आली.

ती बाई आजही तिथेच. तोच शर्ट, तोच हात. ओठ पांढरे पडलेत. मी सरांना म्हटलं, दारातल्या पेशंटचं बीपी घेऊ का? सरांनी खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, नवीन जागा आहे, झोप लागत नसेल. श्रीमंत फिदीफिदी हसला.

एका माणसाने चक्क तिच्या मांडीवरच पिशवी ठेवली. मग दचकून हात चोळत उभाच राहिला. म्हणाला, खुर्ची किती गार आहे.

मी लांबूनच बघत होते. जवळ गेले नाही.

१७ जानेवारी, शनिवार

आज धीर करून मावशींना सगळं सांगितलं. शर्टाचं सांगताच त्यांनी फडकं बाजूला ठेवलं आणि सांगायला लागल्या.

तिचं नाव चांगुणा. खर्ड्याकडची, नवऱ्याबरोबर कोयत्यावर, म्हणजे जोडीने ऊसतोडीला, आलेली. गेल्या हंगामात भर दुपारी उसाच्या फडातून आणली. पोटात कळा. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती, हे नंतर कळलं. तेव्हा तिला कुणी हातसुद्धा लावला नाही. श्रीमंतने बसा म्हणून सांगितलं. सर दोनदा तिच्यासमोरून गेले. म्हणाले, या लोकांना काम चुकवायला पोटच दुखतं. ती हाका मारायची, आणि सगळे असे बघायचे की खुर्चीत कुणी नाहीच. नवरा पाणी आणायला गेला. आला तेव्हा ती बसल्या बसल्या गेली होती.

मावशी म्हणाल्या, ‘मी बी फरशी पुसत हुते गं. तिला पाय वर घे म्हनले. तिनं घेतलं बिचारीनं.’

जाताना मी खुर्चीसमोर थांबले. चांगुणाने मान वर केली. मी हात जोडले. दुसरं काय करणार?

१९ जानेवारी, सोमवार

सकाळी श्रीमंत काउंटरवरच ओरडला. उजव्या बाजूला पोट धरून कसाबसा दारापर्यंत आला आणि त्या खुर्चीत कोसळला. चांगुणा उठून बाजूला उभी राहिली, वडीलधाऱ्याला जागा द्यावी तशी.

आणि कुणीच त्याच्याकडे बघेना! तो हाका मारतोय, सर फोनवर बोलत त्याच्यासमोरून गेले. दुसरी सिस्टर विचारते, श्रीमंत कुठे गेला? तो तर तिच्या हाताच्या अंतरावर.

मला तो दिसत होता. मी त्याला ओढून बेडवर घेतलं, सलाईन लावलं. बेडवर आल्याबरोबर सगळ्यांना दिसायला लागला. सोनोग्राफीत काही निघालं नाही. संध्याकाळी तो जो गावी गेला, तो नोकरी सोडल्याचा निरोपच आला.

चांगुणा परत खुर्चीत. माझ्यावर रागावली नव्हती. नुसती बघत होती.

२१ जानेवारी, बुधवार

पेन कागदात रुततंय. भीतीने नाही.

सृष्टी नावाची शाळकरी पोर आली. उसाच्या ट्रॉलीवरून पडलेली, कोपराशी हाड बाहेर. सर आत पाहुण्याबरोबर चहा पीत होते. मी तीनदा गेले. सर म्हणाले, हाताने कुणी मरत नाही, बसू दे. पोर ओरडून ओरडून शेवटी गप्प झाली. ते गप्प होणं—

चांगुणा तिच्या केसांवरून हात फिरवत होती. पोरीला ते कळत नव्हतं.

शेवटी बापाने तिला उचलून दुसरीकडे नेलं. मी चांगुणासमोर उभी राहिले आणि म्हणाले, तो डॉक्टर आत आहे. अजून कशाची वाट बघतेस?

ती पहिल्यांदाच हसली.

२२ जानेवारी, गुरुवार

झालं.

राउंड संपवून येताना सर अर्ध्या वाटेत वाकले. भिंत धरत धरत त्याच खुर्चीत. हाका मारल्या, कुणी वळलं नाही. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मी बघतेय हे त्यांना कळलं. म्हणाले, सिस्टर, पोट... आत घ्या, सर्जनला फोन लावा.

मी म्हटलं, ‘बसा, बोलावते.’

मग मी एका म्हाताऱ्याचं ड्रेसिंग केलं. चहा घेतला. ट्रे पुसून ठेवले. त्यांचे डोळे माझ्या मागे मागे फिरत होते. आधी हुकूम, मग विनवण्या, मग मला ताई म्हणायला लागले. मावशी पुसत आल्या तेव्हा पाय त्यांनी आपणहून वर घेतले.

दिवे लागायच्या आत सगळं शांत. मग मावशींची किंकाळी. लोक म्हणत होते, इथेच होते? आम्ही किती वेळा इथून गेलो!

मला बरं वाटलं. लिहून ठेवते. फार बरं वाटलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

खुर्ची रिकामी. चांगुणा गेली. सुटली. सकाळी पोटभर जेवले—

दुपारपासून उजवीकडे टोचतंय.

वाढतंय. आप्पांना फोन केला. उद्या पहिल्या गाडीने निघतो म्हणाले.

२४, शनिवार

ड्युटीवर आले. दारातच कळ. उभं राहवेना. बसले. कुठे बसले ते नंतर कळलं.

नवीन डॉक्टर आले आहेत. हाक मारली. माझ्या आरपार—

मावशी—मावशींनाही नाही.

चांगुणा आलीय. समोर उभी आहे. मी म्हटलं, मी तुझ्याच बाजूची ना? तुझ्यासाठीच केलं ना मी?

ती खाली वाकली. राग नव्हता. म्हणाली, ‘त्यांला कुनाला दिसत नव्हते मी. तुला तर तो दिसत हुता.’

फोन वाजतोय. आप्पा. बोट उचलवत नाही. खिशातली वही-पेन्सिल तेवढी—

आत आग. मांड्या गार.

आप्पा आले! दारात आहेत. हातात डबा. काउंटरवर माझं नाव सांगतायत. तिथली नवी पोरगी म्हणते, सिस्टर आज आल्याच नाहीत.

आप्पा, इकडे—

दमलेत. बसायला जागा बघतायत. माझ्याच खुर्चीकडे येतायत. डबा माझ्या मांडीवर ठेवला. दचकले. हात चोळतायत.

आप्पा, मी. मी हाय, आप्पा. खाली बघा, जरा खाली ब—